सांबलच्या दोन वाट्या

माझी अख्खी नोकरी सरकारी धान्य गोदामात गेली. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, मूठभर दाणे हातावर घ्यायचे, खडा बघायचा, किडा बघायचा, ओल बघायची. वरचे दाणे नेहमी चांगलेच असतात, घोळ मधल्या थरात असतो, हे मी तिथे शिकलो आणि निवृत्त होताना घरी घेऊन आलो. बायको म्हणते, हा माणूस प्रसादाचा पेढासुद्धा फोडून बघतो. बघतो. त्यात काय चुकलं?

तीन वर्षांनी मुलगी मलेशियातून परत आली आणि “आता इथेच, बाबा” म्हणाली, तेव्हा मला आनंद झाला, पण विश्वास बसला नाही. संक्रांत नुकतीच झाली होती. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर लॅपटॉपवर काम करायची आणि तिची मोठी बॅग पलंगाखाली अर्धी भरलेलीच होती. विचारलं तर म्हणाली, कपाटात जागा नाही. मी कपाट उघडून पाहिलं. दोन कप्पे रिकामे होते.

बायकोचंही काहीतरी बिनसलं होतं. मुलगी गेली त्या वर्षी तिने वणीच्या गडावर देवीला नवस बोलला होता, की पोर कायमची घरी येईपर्यंत मासे-मटण तोंडाला लावणार नाही. हे फक्त मला माहीत होतं. पोरीच्या कानावर घालायचं नाही, तिच्या पायात बेडी नको, अशी तिने मला शपथ घातली होती. बायकोचं माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. कांदा घालून परतलेली सुकट आणि बाजरीची भाकरी असली की तिला जगात दुसरं काही नको असायचं. तिने ती तीन वर्षं सोडली. आता पोर आली होती, तर गडावर जाऊन ओटी भरायची आणि मोकळं व्हायचं. पण ती आज थंडी म्हणायची, उद्या गुडघा म्हणायची. म्हटलं, वर जायला आता ट्रॉली आहे, गुडघ्याचा काय संबंध? तर म्हणाली, होळी होऊ द्या.

मुलीने रविवारचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. तिकडे पेनांगला रस्त्यावरच्या गाड्यांवर जे खाल्लं, ते आम्हाला खाऊ घालायचं असं तिने ठरवलं होतं. पहिल्या रविवारी नासी लेमाक. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर तळलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं आणि सांबल नावाची लालभडक चटणी. सकाळी कामावर जाणारी माणसं केळीच्या पानातली पुडी घेतात आणि उभ्या-उभ्या खातात, असं तिने सांगितलं. मी भात चमच्याने उलटापालटा केला. गोड भाताला तिखट चटणी कशाला, असं मनात आलं. पण खाल्ला. चांगला होता, हे मी कबूल केलं नाही.

पुढच्या रविवारी रोटी चनाय. आपल्या दाक्षिणात्य लोकांनीच ती तिकडे नेली म्हणे, मैद्याची, पदर सुटलेली, वरणात बुडवून खायची. हिच्यावर माझा फारसा संशय नव्हता, कारण वरण ओळखीचं होतं. मग चेंदोल आलं. बर्फ, नारळाचं दूध, गूळ आणि त्यात हिरव्यागार शेवया. इतका हिरवा रंग मी फक्त भिंतीला पाहिला होता. ती म्हणाली, एका पानाचा रस असतो. मी म्हटलं, पान दाखव. तिने खरंच डीप फ्रीजरमधून पान काढून समोर ठेवलं आणि म्हणाली, “बाबा, पंचनामा झाला असेल तर खा आता, वितळतंय.”

मला ते आपाम बालिक मात्र मनापासून आवडलं. जाडसर धिरडं, आत दाण्याचा कूट, साखर आणि मक्याचे दाणे, मधोमध दुमडलेलं. ते खाताना मी काही विचारलं नाही, म्हणून दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

खरा प्रश्न होता तो सांबलचा. मुलीकडे कागदात गुंडाळलेला एक तपकिरी ठोकळा होता. त्याचा तुकडा ती तव्यावर भाजायची आणि खिडक्या उघडायची. वास असा, की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली डोकावायच्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, मसाला. कसला मसाला? तिकडचा. एवढंच. पानाचा रस दाखवणारी पोर इथे तोंड मिटून बसली, तेव्हाच मी ओळखलं की घोळ मधल्या थरात आहे.

सायखेड्याच्या बाजाराच्या दिवशी, मेव्हण्याला भेटायचं निमित्त करून मी एसटीत बसलो. खिशात त्या ठोकळ्याचा सुपारीएवढा तुकडा होता. बाजारात सुकट-बोंबील विकणाऱ्या मावशीपुढे तो धरला. तिने नखाने खरवडला, हुंगला, जिभेला लावला.

“दादा, ही सुकटच हाय. वाटून, मीठ लावून मुरवेल हाय. कोनी केली? लय भारी जमली!”

मी तिथेच तापलो. म्हणजे नवस अजून फिटला नाही आणि पोटची पोर, नकळत का होईना, आईला दर रविवारी सुकट चारते! बायकोला काही माहीत नाही, ती बिचारी चटणी समजून खाते. घरी मी अवाक्षर काढलं नाही. गोदामांच्या तपासणीलाही मी कधी आधी सांगून गेलो नव्हतो.

रविवारी पुन्हा नासी लेमाक होता. मला टेबलावर ताट वाढलं. बायको सगळ्यांना वाढून मग आत ओट्यापाशी जेवते, ही तिची लग्नापासूनची सवय. मी दोन घास खाल्ले आणि ताट तसंच ठेवून आत गेलो.

“थांब! ती चटणी खाऊ नकोस. त्यात सुकट आहे.”

बायकोने घास खाली ठेवला नाही. शांतपणे चावत राहिली.

“तुमच्या वाटीत आहे,” ती म्हणाली. “माझ्या वाटीत नाही.”

ओट्यावर दोन कढया होत्या, दोन चमचे होते आणि सांबलच्या दोन वाट्या होत्या. एकीचा रंग काळपट होता, दुसरीचा उजळ. बायकोच्या ताटात अंडंही नव्हतं. पहिल्या रविवारपासून हे असंच चाललं होतं. इतक्या वर्षांत मी तिच्या ताटात कधी डोकावलोच नव्हतो.

मुलगी तिथेच ओट्यापाशी उभी होती. मी तिच्याकडे वळलो. “तुला नवसाचं कोणी सांगितलं?”

तिने आईकडे पाहिलं. आणि मग मला एकदम सगळं दिसलं. पोर कायमची आली असती तर नवस संपला असता. मग दोन कढया कशाला लागल्या असत्या?

“कधी जायचंय?” मी विचारलं.

“पाडवा झाला की, बाबा. आल्या-आल्या आईला सांगितलं होतं. तेव्हा ती नवसाचं बोलली.”

“आणि मला?”

बायकोच म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं तर रोज तिची चौकशी लावली असती तुम्ही. का चाललीस, कोण आहे तिकडे, खरं सांग. म्हटलं, पोर दोन महिने आहे, तेवढे सुखाने जेवू दे. अन् देवीला तरी खोटं कसं सांगायचं होतं?”

मला फार लागलं ते. राग आला, आणि रागाखाली लाज होती. खडा शोधत मी थेट सायखेड्यापर्यंत गेलो होतो आणि घरात माझ्यापासून काय लपवतात, आणि का, हे मला कळलं नव्हतं. मी परत जाऊन बसलो. तिथूनच म्हटलं, तुमची ताटं घेऊन बाहेर या. बायको आधी नको म्हणाली, मग आली.

पाडव्यानंतर मुलगी गेली. त्या वेळी मी तिला एकही प्रश्न विचारला नाही, फक्त बॅगेचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. जाताना ती फ्रिजमध्ये दोन बरण्या ठेवून गेली. एकीवर चिठ्ठी होती ‘बाबा’, दुसरीवर ‘आई’.

बायको आता माझ्या समोर बसून जेवते. भातावर घ्यायला मी ‘आई’ची बरणी उघडतो. बायकोने एकदा विचारलं, “तुमची संपली का?” मी म्हटलं, मला त्या तिकडच्या मसाल्याचा भरवसा नाही. माझी बरणी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात आहे, झाकणही न उघडलेली. पोर कायमची घरी आली की उघडीन, आणि आधी बायकोला वाढीन.