साठ सेकंदांची ओळख

भंडाऱ्यातले काही व्यापारी दर बुधवारी सकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-पोह्यांवर जमतात. प्रत्येकानं उभं राहून साठ सेकंदांत आपल्या धंद्याची ओळख करून द्यायची, असा नियम. दादानं मला न विचारता माझं नाव तिथं दिलं आणि बोलायचं काय, तेही लिहून दिलं. पहिलंच वाक्य होतं : 'आमची पितळेची भांडी आजही घरच्या हातांनी घडतात.'

आमची भट्टी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. माल बाहेरून ट्रकनं यायचा. हे वाक्य काढू या, असं मी म्हणालो. मग समोरच्या स्टीलवाल्यात आणि आपल्यात फरक काय सांगशील, असं दादानं विचारलं. वाक्य तसंच राहिलं.

सराव मी मागच्या खोलीत बाबांसमोर करायचो, मोबाइलवर वेळ लावून. पितळ ठोकता ठोकता त्यांचे कान गेले होते. समोर माणूस असायचा, पण ऐकणारं कोणी नसायचं. ते ओठ वाचतात, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं.

"कोन घडवते आता?"

मी मोबाइलवरची वेळ पुन्हा शून्यावर आणली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी सगळं न अडखळता बोललो. टाळ्या पडल्या. जंगलाजवळ रिसॉर्ट चालवणाऱ्या एक बाई चहाच्या वेळी जवळ आल्या. त्यांना जेवणघरासाठी पितळेची भांडी आणि पाणी साठवायचे गुंड हवे होते, पण आधी काम होताना पाहायचं होतं. शनिवारी येऊ का, म्हणाल्या. तिथंच खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "या ना."

दादा खूश झाला. त्यानं माळ्यावरची हातोडी काढून पुसली आणि बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती हातात तोलून पाहिली.

"एक दिवस बसतो. पन तयार गुंडावर ठोके माराले सांगू नका. पत्रा आना."

पत्रा काही आला नाही. शनिवारी दादानं दुकानातलाच एक पाण्याचा गुंड त्यांच्या मांडीशी ठेवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या. मग बाबांनी हातोडी उचलली. इतक्या वर्षांनीही एकेक ठोका नेमका शेजारच्या ठोक्याला लागून पडत होता. बाई व्हिडिओ घेत होत्या. एक गुंड घडायला किती दिवस लागतात, असं त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी त्यांचे ओठ वाचले आणि माझ्याकडे बोट केलं. "याले विचारा. बोलाचं काम याचं हाय."

"चार दिवस," मी म्हणालो.

ऑर्डर मिळाली. बाईंनी व्हिडिओ बुधवारच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकला. आता आणखी दोघं काम पाहायला येणार आहेत, दादानं त्यांना वारही दिलाय. बाबांना सांगायचं माझ्याकडे आहे. अजून सांगितलेलं नाही.