थंड खोलीतल्या बायकांचा बस्ता

आमच्या थंड खोलीत पंख्याच्या पाइपावर बर्फ धरतो. रोज चिमूटभर. कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि एक दिवस दार लागेनासं होतं! आमच्या कंपनीतल्या किश्शांचं तसंच झालंय. थोडे खरवडून काढल्याशिवाय आता दार लागायचं नाही.

धरमतरच्या खाडीजवळ मासळी गोठवायची कंपनी आहे. तिथल्या सगळ्यात थंड खोलीत आम्ही सात बायका. कोळंबीच्या पेट्या रचायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, गाडी आली की काढून द्यायच्या. दारावरचा काटा म्हणे शून्याच्या खाली अठरा दाखवतो. मला आकडे वाचता येत नाहीत. नाकातले केस ताठ झाले की मी समजते, काटा बरोबर आहे.

*

पहिला किस्सा माझ्या जावेचा, बायजाचा. आम्ही दोघी आधी मिठागरात होतो. तिथं उन्हात उतरायच्या आधी डोक्याचा फडका पाण्यात बुचकळून बांधायचा, ही जन्माची सवय. कंपनीतल्या पहिल्या दिवशी बायजा नळाखाली गेली, फडका चिंब केला, पिळला, डोक्याला बांधला आणि ऐटीत थंड खोलीत शिरली!

थोड्या वेळानं तिनं मान वळवली, तर मान वळली, फडका वळेना. बोटानं टकटक केलं तर पत्र्यासारखा वाजला. आम्ही तिला बाहेर ओढलं आणि चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरलं.

सुपरवायझर धावत आला. "मावशी, डोकं ओलं कशाला केलंत?"

बायजा दातावर दात आपटत म्हणाली, "ऊन लागू नये म्हणून!"

*

मी तरी कुठं शहाणी होते? त्याच दिवशी मी नवऱ्याचे दोन घट्ट स्वेटर एकावर एक चढवले होते. पायात तीन मोजे, आणि वर बूट कोंबलेले. पेट्या उचलून घाम आला, आतलं सुती पोलकं भिजलं. हात थांबले तसं ते ओलं पोलकं पाठीला असं गार चिकटलं की मी "आई गं!" म्हणून ओरडलेच. पायाची बोटं तर माझी की शेजारणीची, तेही कळेना.

त्या दिवशी दोन गोष्टी शिकले. अंगालगतचं कापड घाम धरून ठेवणारं नको. आणि ऊब नुसत्या मोज्यात नसते, मोज्याभोवती पाय हलायला जागा असते ना, तिच्यात असते.

सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, "आजी, हे तर ट्रेनिंगमध्ये शिकवतात!"

"मग ट्रेनिंग आधी द्यायचं का बोटं गेल्यावर?" मी विचारलं. दुसऱ्याच दिवशी ट्रेनिंग झालं!

*

मग आल्या जाड अस्तराच्या पँट. सगळ्या बायका लाजून एकमेकींच्या मागं. एकीनं लुगड्यावरूनच चढवली, तर तिला पाऊल टाकता येईना. गेटवरचे हमाल तोंडावर हात ठेवून हसायला लागले.

वयानं मोठी मीच. लुगडं सोडून ठेवलं, आतून गरम लेंगा, वरून पँट, आणि थेट गेटपर्यंत चालत गेले. हमालांसमोर गर्रकन एक गिरकी घेतली.

"बघा रे, पोटभर बघून घ्या! उद्यापासून मान वर करायला फुरसत मिळायची नाय, एवढ्या पेट्या बाहेर काढणार हाय आम्ही!"

आणि काढल्या!

*

पण सगळं सामान पुरुषांच्या मापाचं. जाकिटाच्या बाह्या गुडघ्याला टेकायच्या आणि खालून गार वारा सरळ छातीपर्यंत चढायचा. आम्ही कमरेला जाळ्याचा दोर बांधायचो. हातमोज्याचं मात्र काही करता येईना. आमच्यातली कल्पना अंगानं लहान, तिची बोटं हातमोज्याच्या अर्ध्यातच संपायची. पेटीवर चिठ्ठी चिकटवायला ती हातमोजा काढायची. असं करत करत एक दिवस तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडली. चिमटा घेतला तरी कळेना.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "बायकांना थंडी सोसत नाही. पुढच्या महिन्यापासून आत पुरुष घेऊ. तुम्ही बाहेर धुलाईला."

धुलाईला म्हणजे मासळी येईल त्या दिवशी बोलावणं, नाही आली तर घरी. आतलं काम कायमचं.

मी म्हटलं, "साहेब, थंडी सोसते. कपडे सोसत नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्हीच आणा निवडून, एक जोड. कल्पना तो घालून सकाळची पूर्ण पाळी करेल. बोटं शाबूत राहिली तर सगळ्यांना तसाच जोड. नाहीतर धुलाई."

*

मी, बायजा आणि कल्पना पेणहून गाडीनं रोह्याला गेलो. तिथं कंपन्यांच्या कामगारांसाठी बूट, टोप्या, जाकिटं विकणारं दुकान आहे. दुकानदारानं एक जाकीट पुढं टाकलं. "हे बेस्ट आहे, घेऊन जा."

मी कापडाला तोंड लावून फुंकर मारली. पलीकडं हाताला वारा लागला. "हे नको."

दुसरं कल्पनाला घालायला लावलं. "हात वर कर गो." बाह्या मनगटावरून सरकल्या. "हे नको." तिसरं घालून तिला उकिडवी बसवली, तर कंबर उघडी पडली. "हे पण नको." चौथं सगळं बरं, पण चेनचा खटका एवढासा की हातमोजा घालून धरताच येईना. मी पिशवीतला दोराचा तुकडा काढला, खटक्याला फास करून बांधला. कल्पनानं हातमोज्यानं चेन खालीवर केली. "हे घ्या!"

बूट एक नंबर मोठा घेतला, जाड मोजा घालून दुकानभर चालवला.

काउंटरवर ढीग झाला. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "आजी, लग्नाचा बस्ता काढताय का?"

बायजा म्हणाली, "व्हय! आणि मांडव बर्फाचा हाय!"

*

हातमोजे मात्र दुकानात बसून कसे कळणार? शेजारी आइस्क्रीमवाला होता. मी दुकानदाराकडून हातमोज्यांचे दोन जोड घेतले, बायजाला आणि कल्पनाला कुल्फी घेऊन दिली, आणि एक हातमोजा घालून त्याच्या फ्रीझरमध्ये हात घातला.

तो म्हणाला, "आजी, कुठलं पाहिजे ते सांगा, मी काढून देतो."

"मला काय नको रं. मी हात ठेवायला आलेय!"

घट्ट बसणारा महागाचा हातमोजा. बायजाची कुल्फी अर्धी झाली आणि माझी बोटं झोपली. मग दुसरा जोड: आत पातळ लोकरीचा पाच बोटांचा, वर सैल पिशवीसारखा. चिठ्ठी लावायला वरचा काढला तरी आतला राहतो. बायजाची कुल्फी संपली, कल्पनाची संपली, काड्यासुद्धा चाटून झाल्या. माझा हात आत गरमच!

आइस्क्रीमवाला हात जोडून म्हणाला, "आजी, आता झाकण लावू का?"

*

कल्पनाच्या परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळ्या दाराशी. मधल्या वेळात ती नेहमीसारखी गरम पाण्याला बाहेर यायची, दोन घोट पिऊन परत आत जायची. सकाळची पाळी संपून जेवणाची घंटा झाली तेव्हा साहेब येऊन टेबलाशी बसले.

"बोटं कशी आहेत?"

"बरी हायत."

"बरी आहेत असं कुणीही म्हणेल. मला कसं कळणार?"

कल्पनाचं माहेर पेणजवळचं जोहे. तिच्या भावांचा गणपतीचा कारखाना आहे, आणि मूर्तींचे डोळे ती आखायची. बोटं पांढरी पडली तेव्हापासून तिनं कुंचला धरला नव्हता. भावांनी दुसरा माणूस बघितला होता. हे तिनं आम्हालाही सांगितलं नव्हतं.

तिनं कपाटातून पिशवी आणली. आतून हातभर मूर्ती काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. पितांबर, मुकुट, सोंड, सगळं रंगवलेलं. डोळे तेवढे कोरे.

तिनं वरचे हातमोजे काढले, मग आतले. बोटांवर फुंकरसुद्धा मारली नाही. कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि एका दमात वरच्या पापणीची रेघ ओढली. केसाएवढी. कुठं थरथर नाही, कुठं जाड नाही. मग खालची. मग बुबुळ. मग दुसरा डोळा, पहिल्याच्या जोडीचा, तसाच.

बायजाचा श्वास मला ऐकू येत होता.

कल्पनानं कुंचला खाली ठेवला आणि मूर्तीचं तोंड साहेबांकडे फिरवलं.

साहेब खुर्चीतून उठले, वाकले, आणि पायातले बूट काढून भिंतीशी ठेवले.