लांब व्हा, साहेब

बिडकीनजवळच्या आमच्या कारखान्यात गवत कापायचं, वर बसून चालवायचं यंत्र आहे. एकदा त्याच्या खालच्या पात्यांच्या पेटीतून करकर आवाज येऊ लागला, म्हणून मुकुंदवाडीहून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. आधीच्या मिस्त्रीनं चांगला पार्ट काढून जुना बसवला होता, म्हणून मी याच्या डोक्यावरच उभा राहिलो.

त्यानं इंजिनाच्या स्पार्क प्लगची वायर काढली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पेटीवर टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून हातानं पातं फिरवू लागला. मला ते सगळं नाटक वाटलं.

“साहेब, जरा लांब व्हा,” तो म्हणाला.

“का?” मी जागचा हललो नाही.

“तुमच्या कमरंच्या चाव्या वाजायल्यात. आतलं ऐकू येत नाय.”

मी चाव्या मुठीत धरल्या, पण नजर त्याच्या हत्यारांच्या पिशवीवरून हटवली नाही. थोड्या वेळानं त्यानं स्क्रू ड्रायव्हर माझ्याच कानाला लावला. आत वाळू भरडल्यासारखी खरखर होती. पात्याचं बेअरिंग गेलं होतं.

नवीन बसवून झाल्यावर त्यानं जुनं पुसलं आणि मी न मागताच माझ्या हातावर ठेवलं.

“फिरवून बघा,” तो म्हणाला, “म्हंजे मनात राहायचं नाय.”

मी फिरवलं. ते खरंच गेलेलं होतं, आणि मला मान वर करून त्याच्याकडं बघवेना.