वजन जास्त होतं

"तू हात लावू नको. दुसऱ्याला बोलव."

भरल्या जिममधी एक नवा मेंबर मला असं बोलला. उस्मानपुऱ्यातली जिम, संध्याकाळ, वीसेक माणसं. तो बेंचवर उताणा, मी त्याच्या डोक्यापाशी. मी तिथला ट्रेनर. जड बार छातीवर घेताना मागं कुणीतरी धरायला लागतं, म्हणून उभा होतो. त्यानं आधी माझं आडनाव विचारलं. मग गाव. पिशोर म्हणल्यावर हसला. त्याची जमीन तिकडंच. आमची वस्ती कोणती ते त्याला कळलं.

मी मागं सरकलो. काहीच वाटलं नाय. राग नाय, लाज नाय. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

दुसरं कुणी आलं नाय. त्यानं सोबतच्या दोस्तांना बारवर दोन प्लेटा आणखी चढवायला लावल्या.

"वजन जास्त आहे, दादा. हळूहळू वाढवा."

त्यानं माझं ऐकलं नाय. दोस्त बघत होते.

बार खाली आला, वर गेला नाय. छातीवरून गळ्याकडं सरकाया लागला. तो पाय झाडत होता. दोस्त गोठल्यासारखे उभे. मी पुढं झालो, बार उचलून रॅकवर ठेवला. तो उठला, खोकला. माझ्याकडं बघितलं नाय.

जिमच्या मालकानं मला केबिनमधी बोलावलं.

"सगळ्यांसमोर वजन जास्त म्हणलास. त्याची इज्जत गेली. सॉरी म्हण, विषय मिटव."

माझा बाप मोठ्यांच्या दारात उभा राहून 'चुकलं मालक' म्हणायचा. काय चुकलं ते त्याला बी ठाऊक नसायचं. तेच शब्द माझ्या जिभेवर आले. तिथंच थांबले.

"मी चुकलो नाय. सॉरी म्हणणार नाय."

"मग उद्यापासून येऊ नको."

"बरं."

आता औरंगपुऱ्यामागं पत्र्याच्या शेडमधी शिकवतो. हमाल येतात, दोन नर्स येतात. पहिला महिना रिकामा बार, पाठ सरळ. मग थोडं थोडं वजन. अंडी, डाळ, शेंगदाणे, भाकर. दिवसाआड आराम, पुरती झोप. अंग फुगवायचं इंजेक्शन मागणाऱ्याला दार दाखवतो.

परवा एक साहेब मोठ्या गाडीतून आले. पहिल्याच दिवशी शंभर किलो पाहिजे होतं. मी वजन जास्त आहे म्हणलो. ते निघून गेले.

जाऊ दे. जास्त असंल तर जास्तच म्हणणार. समोर कुणी बी असो. आवाज खाली घेणार नाय.