नाडी बहात्तर

१९३१ साली पावसाळा संपल्यावर, एका सोमवारी दुपारी, रत्नागिरीत एका डॉक्टरांच्या खोलीत धामण शिरली. त्या वेळी माझी नाडी मोजली जात होती.

मोजणी तिसरी होती. बोट कंपनीतल्या कारकुनीसाठी प्रकृतीचा दाखला लागे. आधीच्या दोन्ही खेपांना नाडी एकशेवीसच्या वर गेली. डॉक्टरांनी परत पाठवताना सांगितले, "सोमवारी शेवटचं. मग जागा दुसऱ्याला." हे ऐकून नाडी शांत होईल, असा त्यांचा समज असावा.

शरीराला आगाऊ सूचना मिळाली की ते तयारीला लागते. माझे गुरुवारीच लागले. तळहात ओले, तोंड कोरडे. सोमवारी डॉक्टरांनी खिशातले घड्याळ काढताच कानांत ठोके ऐकू येऊ लागले.

"घाबरतोस कशाला? मी काय वाघ आहे?" ते म्हणाले.

वाघ परवडला असता. वाघ दाखले देत नाही.

त्यांनी मनगट धरले आणि दारातून त्यांचा गडी म्हणाला, "डाक्टरसायेब, जनावर आलाय."

मी टेबलावर उभा होतो. कसा चढलो ते सांगता येत नाही; निर्णय पायांनी परस्पर घेतला होता. घाम नाही, कोरड नाही, चार दिवसांची तयारी नाही. छाती धडधडू लागली ती वर पोचल्यानंतर.

आमच्याकडे सापाचे नाव उच्चारत नाहीत, जनावर म्हणतात. डॉक्टर साताऱ्याकडचे, नुकतेच आलेले. त्यांच्याकडे जनावर म्हणजे गाय किंवा बैल. ते खुर्चीत स्वस्थ होते.

"कुणाचं जनावर?"

"कोणाचा म्हंजे? कोणाचा बी नाय."

"मग खुंट्याला बांध."

"मी बांधू? तुमीच बांधा. तुमच्याच खुर्चीखाली हाय."

डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. "बैलाला भिऊन टेबलावर चढणारा कारकून!" मग त्यांनी खाली पाहिले.

पुढच्या क्षणी टेबलावर आम्ही दोघे होतो. वर येताना त्यांचे घड्याळ पडले आणि टेबलाखाली गेले. माझे मनगट त्यांनी सोडले नव्हते; उलट दोन्ही हातांनी धरले होते. त्यांच्या अंगठ्यातले ठोके मला स्पष्ट लागत होते. ते माझ्यापेक्षा जलद होते.

धामण मागच्या दाराने निघून गेली.

"बिनविषारी व्हती," गडी म्हणाला. "उतरा आता."

डॉक्टर उतरले. पाणी प्यायले, निम्मे सदऱ्यावर सांडले. खुर्चीत न बसता त्यांनी उभ्यानेच दाखला लिहिला. माझ्या मनगटाला पुन्हा हात लावला नाही.

दाखल्यावर नाडी बहात्तर होती. घड्याळ अजून टेबलाखालीच होते.