कडेची जागा घेणाऱ्या बाई

आमच्या आकाशवेड्या मंडळींपैकी कोणी कुठे उभं राहायचं, ते जामखेडच्या एक बाई ठरवतात. त्यांचं साड्यांचं दुकान आहे. फोन उचलला की आधी हसतात आणि विचारतात, "आभाळ मोकळं हाय का?" ख्यालीखुशाली नंतर.

एखादा लघुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून गेला की तारा क्षणभर विझतो. तो कुठून विझलेला दिसला आणि कुठून नाही, हे जुळवलं की त्या दगडाचा आकार कळतो. मागच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच दुर्बीण घेऊन निघालो, तेव्हा बाईंनी मला राहुरीकडे, लघुग्रहाच्या सावलीच्या अगदी मधोमध पाठवलं. स्वतः मात्र जामखेडजवळच्या माळावर थांबल्या. तिथे बहुधा काहीच दिसणार नव्हतं.

"ताई, मधली जागा तुमची," मी म्हणालो.

"मी लई तारे इझताना बघितलेत. आता तुमी बघा."

दिवेलागणीनंतर दुर्बिणीतला तारा गेला आणि लगेच परत आला. बाईंना कळवायच्या घाईत फोन उसाच्या सरीत पडला. तो शोधून त्यांना लावला.

"गेला ताई. खरंच गेला."

त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. बराच वेळ आम्ही नुसते हसत होतो. मग मी विचारलं, "तुमचा?"

"माझा जागचा हलला न्हाई," त्या माझ्यापेक्षाही खुशीत म्हणाल्या. "म्हंजी तुमच्या अन् माझ्या मधीच दगड संपला. कड घावली की आपल्याला."