विंगेत गिळलेले दोन शब्द

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर या बाबतीत माझी जीभ अजून वळत नाही.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात नाट्यमंडळ होतं. नाव मोठं, बाकी काय — शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात खडूने चौकोन आखायचा, तोच रंगमंच. मराठीचे सर स्वतः नाटुकलं लिहायचे आणि आम्हाला नगरच्या स्पर्धेला न्यायचे. त्या वर्षीचं नाटक धरणात बुडणाऱ्या गावाचं होतं. त्यातली म्हातारी गाव सोडत नाही. ती म्हातारी मला हवी होती — किती हवी होती, कसं सांगू? सगळ्यांच्या आधी तिचे संवाद मी पाठ केले होते. पण सरांनी ती दिली वैशालीला, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला. तिचा आवाज खणखणीत, माझा किरटा. मला म्हणाले, तुझं पाठांतर चांगलं आहे, तू विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग कर.

पोटात दुखलं. पण मी शहाण्या मुलीसारखं तोंड केलं, आणि वर वैशीचं पाठांतरही मीच करून घेतलं. तिला पटकन पाठ होत नसे. घरी जाताना कांद्याच्या वावरांच्या कडेने मी ओळ म्हणायची, तिने माझ्यामागून म्हणायची. अडली तर काय करायचं, हेही ठरलं होतं. तिने कानातल्या डुलाला हात लावायचा, मी दोन शब्द द्यायचे. दोनच — सरांचा तसा नियम होता, पुढचं ज्याचं त्याला सापडलं पाहिजे. "तू हायेस ना तिथं," ती म्हणायची, "मग मला कशाचं भ्या?"

भ्यायला कारण होतं, बरं का. तिचे वडील तिला नाटकात सोडायला तयारच नव्हते. सरांनी घरी जाऊन विनवलं तेव्हा कुठे ते म्हणाले, "एक डाव बघतो. हसं झालं तर परत न्हाई." आणि बघायला ते स्वतः नगरला आले, धुवट टोपी घालून, पुढच्या रांगेत बसले.

पडदा वर जाण्याआधी वैशीने चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "धर गं येवड्या." म्हातारी अनवाणी होती ना. तिच्या मनात काही नव्हतं. पण सर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, कुणी तिचा पदर सारखा करत होतं, आणि मी तिच्या चपला धरून उभी. त्या चपलांचा मला इतका राग आला, की आजही आठवला तर लाज वाटते.

शेवटी तिचं मोठं भाषण होतं. साहेब झालेला मुलगा विचारतो, म्हातारे, इथं तुझं आहे तरी काय? आणि तिने म्हणायचं — या चिंचेखाली माझी दोन लेकरं झोपलीत. तिथून पुढे सगळं नाटक तिचंच होतं.

वैशी थांबली. हात डुलाकडे गेला. मी पाहिलं. "या चिंचेखाली" — हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. वही उघडायचीही गरज नव्हती.

मी ते दिले नाहीत.

दिसू दे की जरा, माझ्यावाचून हिचं काय होतं ते — असं वाटलं. क्षणभरच. तुम्ही कधी असा क्षण हातात धरून ठेवला आहे का? तिने पुन्हा डूल धरला. सरळ माझ्याकडे पाहिलं. प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसायला लागले, आणि आता मीच घाबरले — आता शब्द दिले तर उशीर का झाला हे सर विचारतील! मी मूग गिळून गप्प राहिले. शेवटी साहेबाने पुढचंच वाक्य घेतलं आणि तिचं भाषण बुडालं.

आत आल्यावर सरांनी मला विचारलं. मी म्हणाले, मी दिले होते शब्द, हिला ऐकू नाही आले. आणि वैशी — रडता रडता वैशीच म्हणाली, "व्हय सर, तिनं दिलं आसंल. माज्याच कानात शिरलं न्हाई." मी तिच्या चपला तिच्या पायांपाशी ठेवल्या.

तिच्या वडिलांनी आपला शब्द पाळला, तिचं नाट्यमंडळ सुटलं. पुढे वर्गात उभं राहून धडा वाचतानाही ती अडायची. पुढच्या वर्षी मुख्य काम मला मिळालं. माझं नऊवारी लुगडं तिनेच नेसवून दिलं.

आता ती राहात्याला असते, आमचं फोनवर बोलणं होतं. यंदा तिच्या मुलीने, अनूने, शाळेच्या नाटकात नाव दिलं. वैशीचा फोन आला, "ज्योते, तूच सांग बाई हिला. आमच्या रक्तातच पाठांतर न्हाई. तू हुतीस तिथं." आणि फोन मुलीच्या हातात दिला.

पोरीने मला एकच विचारलं, "मावशी, आई अडली तेव्हा तू विंगेत होतीस ना? मग तू नाही सांगितलंस?"

एवढ्या वर्षांनी कुणीतरी नेमकं तेच विचारलं होतं. मला फक्त खरं बोलायचं होतं. पलीकडे वैशीही ऐकत होती.

मी म्हणाले, "सांगितलं होतं गं. तिला ऐकू नाही आलं."

अनूने नाव काढून घेतलं. संध्याकाळी वैशीचा निरोप आला. बरं झालं तू बोललीस, तुझं ऐकते ती. मी खाली अंगठ्याचं चित्र पाठवलं.